आज गरुड किती दिसले? स्थलांतरी पक्षी मोजणाऱ्यांची गोष्ट

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून थोडं संपादन केलं आहे.)



पाऊस ओसरला आणि ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की पक्षीमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठरलेला सीझन सुरू होतो. "आमच्या सोसायटीच्या लॉनवर आज पहिला धोबी." "भिगवणला थापटे आले का रे?" "गच्चीवर थिरथिरा दिसला, फोटो हललाय पण तोच आहे." खाली दहा अंगठे, चार हार्ट. मग कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये तो मेसेज वर सरकतो आणि संपतो.

आजचा भाग त्या मेसेजबद्दल आहे. "आज इथे हा पक्षी दिसला" ही एवढीशी माहिती. ती लिहून ठेवली तर तिचा उपयोग काय? कुणाला? आणि कधी?

हे प्रश्न जुने आहेत. उत्तरार्धातला थंडीचा काळ जवळ आला की उत्तरेकडचे पक्षी दक्षिणेकडे निघतात, आणि त्या वाटेवर बसून काही माणसं गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षं त्यांची नोंद ठेवत आली आहेत. त्यांच्यात चित्रकार होते, शाळामास्तर होते, एक रिटायर्ड बँकर होता. त्यातल्या एका नोंदवहीने पुढे अमेरिकेतल्या सगळ्यात गाजलेल्या कीटकनाशकाविरुद्ध साक्ष दिली. आणि गंमत म्हणजे ती वही सुरू झाली तेव्हा ते कीटकनाशक कुणाला माहीतच नव्हतं.

चला, सुरुवात एका बेटापासून करू.

चित्रकार आणि शाळामास्तर

उत्तर समुद्रात, जर्मनीच्या किनाऱ्यापासून थोडं आत, हेल्गोलँड नावाचं लालसर खडकाचं छोटंसं बेट आहे. समुद्रावरून उडणाऱ्या दमलेल्या पक्ष्यांना टेकायला तेवढीच जागा. 1837 मध्ये हाइनरिश गेट्के नावाचा एक तरुण चित्रकार तिथे गेला. समुद्राची चित्रं काढायला म्हणून गेला आणि तिथलाच होऊन गेला. पुढची कित्येक दशकं तो बेटावर उतरणाऱ्या पक्ष्यांची रोजनिशी ठेवत होता. आज वारा कुठून, कोणते पक्षी आले, कमी की जास्त. 1891 मध्ये त्याचं जाडजूड पुस्तक आलं.

त्या पुस्तकात गेट्केने काही अंदाज बांधले होते आणि त्यातले काही साफ चुकले. निळकंठी नावाचा चिमणीएवढा पक्षी आफ्रिकेतून एका रात्रीत हेल्गोलँडला पोहोचतो, असं त्याचं मत होतं. एवढ्या वेगाने कुठलाही छोटा पक्षी उडत नाही. पण कुठल्या तारखेला काय दिसलं हे त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, आणि ते आजही वाचलं जातं. अंदाज बाद झाले, रोजनिशी टिकली.

आता एक माणूस एका बेटावर बसून एका जागेची गोष्ट सांगू शकतो. पक्षी मात्र हजारो किलोमीटर उडतो. मग एकाच वेळी अनेक ठिकाणी डोळे हवेत. ही कल्पना अमेरिकेत वेल्स कुक नावाच्या शाळामास्तरने राबवली. 1881-82 च्या हिवाळ्यात मिनेसोटामध्ये शिकवत असताना त्याने आसपासच्या राज्यांतल्या ओळखीच्या लोकांना पत्रं लिहायला सुरुवात केली: तुमच्याकडे कोणता पक्षी कधी पहिल्यांदा दिसतो ते मला कळवा. पुढे अमेरिकन पक्षीतज्ज्ञांच्या संघटनेने आणि मग सरकारने हे काम उचललं. 1880 च्या दशकाच्या शेवटी असे सुमारे 3,000 निरीक्षक देशभर होते. कागदाचं एक छोटं कार्ड. त्यावर पक्ष्याचं नाव, गाव, वर्ष, पहिल्यांदा दिसल्याची तारीख, शेवटचा दिसल्याची तारीख.

इथे जरा थांबू या. वसंतात काम सोपं असतं. पक्षी आला, दिसला, तारीख लिहिली. पण शरदात पक्षी निघून जातो. आज दिसलेला पक्षी हा या वर्षीचा शेवटचा आहे, हे आज कसं कळणार? ते कळतं नंतर, जेव्हा उद्या, परवा, पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याच जागी जाऊन पुन्हा बघता आणि तो नसतो. म्हणजे "शेवटचा दिसला" हा एक रकाना भरायला नंतरचे कित्येक रिकामे दिवस हजर राहावं लागतं. शरदातलं पक्षीनिरीक्षण सुरुवातीपासूनच असं चिकाटीचं काम आहे.

आपल्याकडे नेमकं उलटं. युरोप-सायबेरियातून जो ऑक्टोबरमध्ये "गेला", तो आपल्याकडे "आला". तिकडच्या वहीतली शेवटची तारीख आणि आपल्या वहीतली पहिली तारीख जोडली की प्रवास दिसतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कुकची ती कार्डं 1970 पर्यंत जमत राहिली. साठ लाखांच्या घरात. मग कपाटात पडून राहिली. 2009 पासून ती स्कॅन करून इंटरनेटवर टाकली गेली आणि घरबसल्या स्वयंसेवक ती वाचून डेटाबेसमध्ये भरू लागले. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा शेतकऱ्याचं, कुणा मास्तरणीचं अक्षर लावायचं आणि टाइप करायचं. आधी नोंदवणारे हजारो, नंतर वाचणारेही हजारो.

डोंगरावरची बंदूक आणि डोंगरावरची वही

आता आजच्या भागातली मुख्य गोष्ट. जागा: अमेरिकेतलं पेन्सिल्व्हेनिया राज्य. तिथे किट्टाटिनी नावाची डोंगराची लांबच लांब धार आहे, आपल्या सह्याद्रीच्या एखाद्या सोंडेसारखी, पण सरळ रेषेत शेकडो किलोमीटर. वारा या धारेवर आपटतो आणि वर चढतो. शरदात दक्षिणेकडे निघालेले ससाणे, गरुड, श्येन या वर चढणाऱ्या वाऱ्यावर पंख पसरून नुसते तरंगत जातात. पंख मारायचे कष्ट नाहीत. फुकटची लिफ्ट. म्हणून हजारो शिकारी पक्षी दरवर्षी याच धारेवरून जातात, कधीकधी अगदी डोक्याच्या उंचीवरून.

आणि म्हणूनच तिथे बंदूकवाले जमायचे. त्या काळी शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्या पळवणारे, सशा-तितरांचा फडशा पाडणारे "वाईट" पक्षी, अशी सर्रास समजूत होती. राज्याच्या शिकार खात्याने 1929 मध्ये गोशॉक या जातीच्या प्रत्येक पक्ष्यामागे 5 डॉलरचं इनाम लावलं. मंदीचे दिवस, आसपास कोळशाच्या खाणींची गावं. 5 डॉलर म्हणजे चांगली रक्कम. पण उडणारा गोशॉक कोणता आणि बाकीचे कोणते हे ओळखत बसायला वेळ कुणाला? दिसेल तो पाडायचा. सुट्टीच्या दिवशी लोक सहलीला यावं तसे यायचे. खाली जंगलात मेलेल्या आणि जखमी पक्ष्यांचा खच पडायचा.

1932 च्या शरदात रिचर्ड पॉव नावाचा एक तरुण तिथे गेला. त्याने खाली उतरून मेलेले पक्षी गोळा केले, जमिनीवर ओळीने मांडले आणि फोटो काढले. हे फोटो न्यूयॉर्कमधल्या रोझली एज या बाईंनी पाहिले.

रोझली एज हे भारी प्रकरण होतं. पन्नाशी ओलांडलेली, आधी बायकांच्या मताधिकारासाठी लढलेली बाई. पक्ष्यांचं वेड बरंच उशिरा लागलं, सेंट्रल पार्कमध्ये पक्षी बघता बघता. मोठमोठ्या संस्था गप्प बसतात म्हणून त्यांच्याशी जाहीर भांडणारी. त्यांना वाटलं होतं की फोटो बघून कुठलीतरी मोठी संस्था काहीतरी करेल. कुणी काही करेना. तेव्हा 1934 मध्ये त्यांनी सरळ तो डोंगरच भाड्याने घेतला. सुमारे 1,400 एकर. 500 डॉलरमध्ये दोन वर्षांसाठी, पुढे विकत घेण्याच्या हक्कासकट. जागा आपली म्हटल्यावर "इथे शिकार करायची नाही" असं म्हणता येतं. साधं लॉजिक.

राखणदार म्हणून त्यांनी मॉरिस ब्राऊन याला आणलं. वय 28. सोबत त्याची बायको इर्मा. सप्टेंबर 1934 मध्ये दोघं तिथे पोहोचले. इर्मा खाली रस्त्यावर प्रवेशाशी उभ्या राहायच्या. बंदुका घेऊन येणाऱ्या रागावलेल्या माणसांना परत पाठवायचं काम त्यांचं. आणि मॉरिस वर कड्यावर. बंदुका थांबल्या. मग वर बसून करायचं काय? त्याने मोजायला सुरुवात केली.

रोज. कोणत्या जातीचे किती. वारा कुठून. आकाश कसं. प्रौढ की पिल्लू.

ही मोजणी, युद्धकाळातला खंड सोडला, तर आजतागायत चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्राऊन नौदलात गेला, तेव्हा 1943 ते 1945 चे शरद वहीत नाहीत. आजही ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्या कड्यावर माणसं बसतात आणि मोजतात. शिकारी पक्ष्यांच्या स्थलांतराची जगातली सगळ्यात जास्त काळ चाललेली नोंद म्हणून हॉक माउंटनचं नाव घेतलं जातं.

आता मला सांगा, 1934 मध्ये ब्राऊनला कुणी विचारलं असतं, "बाबा रे, हे मोजून काय मिळणार?", तर त्याने काय सांगितलं असतं? इथून किती पक्षी जातात ते कळेल, लोकांना या पक्ष्यांचं महत्त्व पटेल. बस. त्याहून जास्त त्यालाही माहीत नव्हतं.

चाळीस टक्क्यांवरून वीस टक्के

1939. म्हणजे ब्राऊनच्या वहीला पाच वर्षं झाल्यानंतर. स्वित्झर्लंडमध्ये पॉल म्युलर या रसायनशास्त्रज्ञाला डीडीटी या पदार्थाने कीटक मरतात असं आढळलं. युद्धात डीडीटीने मलेरिया आणि टायफसपासून असंख्य सैनिक वाचवले. 1948 मध्ये म्युलरला नोबेल मिळालं. युद्ध संपल्यावर अमेरिकेत शेतांवर, जंगलांवर, दलदलींवर, गल्ल्यांमध्ये डीडीटी फवारलं जाऊ लागलं. चमत्कारच होता तो. स्वस्त, टिकाऊ, माणसाला लगेच काही होत नाही.

टिकाऊ, हीच अडचण. पाण्यात उतरलेलं डीडीटी शेवाळ-किड्यांत गेलं, तिथून छोट्या माशांत, मोठ्या माशांत, आणि मासे खाणाऱ्या गरुडात. प्रत्येक पायरीला साठत गेलं. गरुड त्याने पटकन मरत नव्हते. पण मादीच्या शरीरात डीडीटीपासून बनणाऱ्या पदार्थामुळे अंड्याचं कवच पातळ होत होतं. आई उबवायला बसली की अंडं फुटायचं.

आता डोकं चालवा. टकला गरुड, म्हणजे अमेरिकेच्या राजचिन्हावरचा बाल्ड ईगल, वीस-वीस वर्षं जगतो. समजा आजपासून एकही पिल्लू जन्मलं नाही, तरी पुढची कित्येक वर्षं आकाशात म्हातारे गरुड दिसतच राहणार. नुसतं "गरुड दिसतात का?" असं विचारलं तर उत्तर येणार, "हो, दिसतात की." एकूण आकडा बराच काळ फसवतो.

पण या गरुडाची एक सोय आहे. प्रौढ पक्ष्याचं डोकं आणि शेपटी पांढरीशुभ्र, पिल्लू मात्र सगळं तपकिरी. पांढरं डोकं यायला चार-पाच वर्षं लागतात. म्हणजे कड्यावर बसलेल्या माणसाला दुर्बिणीतून लगेच कळतं की हा तरुण की म्हातारा. आणि ब्राऊनने ते दरवर्षी लिहून ठेवलं होतं.

1935 ते 1939 या काळात हॉक माउंटनवरून गेलेल्या टकल्या गरुडांपैकी 40 टक्के तरुण होते. 1955 ते 1959 मध्ये ते प्रमाण 20 टक्क्यांवर आलं होतं. 1957 या एका वर्षी तर 32 प्रौढांमागे फक्त एक तरुण.

तिकडे फ्लोरिडात, म्हणजे दूर दक्षिणेला, चार्ल्स ब्रोली नावाचे रिटायर्ड बँकर स्वतः झाडांवर चढून गरुडांच्या पिल्लांच्या पायात कड्या घालत होते. दहा वर्षांत त्यांनी हजारभर पिल्लांना कड्या घातल्या होत्या. 1940 च्या दशकाच्या शेवटी त्यांना घरट्यांत पिल्लंच मिळेनाशी झाली. दोन वेगळी ठिकाणं, दोन वेगळ्या पद्धती. दोन्ही वह्या एकच गोष्ट सांगत होत्या.

हे आकडे रेचल कार्सन यांनी उचलले. कार्सन 1945 मध्ये स्वतः हॉक माउंटनवर जाऊन आल्या होत्या. 1962 मध्ये त्यांचं 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक आलं, आणि त्यात ब्राऊनचे आणि ब्रोलींचे आकडे होते. रसायन कंपन्या पुस्तकावर तुटून पडल्या. भावनिक, अतिरेकी, अशास्त्रीय, काय काय म्हटलं गेलं. पण डोंगरावरची वही डीडीटीविरुद्ध लिहिलेली नव्हती. ती सुरू झाली तेव्हा डीडीटीचा वापरच नव्हता. तिचा कुणावर राग नव्हता. म्हणूनच तिला पक्षपाती म्हणणं अवघड होतं.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. 1957 मध्ये जाऊन कुणी "आता गरुड मोजू या" म्हटलं असतं, तर त्याला 32 ला 1 हा आकडा मिळाला असता. पण हा आकडा वाईट आहे हे त्याला कशावरून कळलं असतं? 40 टक्के हा "आधीचा" आकडा हातात होता, म्हणून 20 टक्क्यांचा अर्थ लागला. आणि आधीचा आकडा नंतर जाऊन गोळा करता येत नाही. टाइम मशीन नाही आपल्याकडे. तो त्या वेळीच कुणीतरी, कारण माहीत नसताना, लिहून ठेवावा लागतो.

पुढची गोष्ट थोडक्यात. 1967 मध्ये ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतल्या अंड्यांशी तुलना करून कवचं पातळ झाल्याचं दाखवलं. 1972 मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर बंदी घातली. अलास्का सोडून उरलेल्या मुख्य अमेरिकेत 1963 मध्ये टकल्या गरुडाच्या फक्त 417 जोड्या घरटी करताना सापडल्या होत्या. 2007 मध्ये त्याला संकटग्रस्त यादीतून काढलं तेव्हा त्या सुमारे 9,800 झाल्या होत्या.

मुंबईला कळवा

आता आपल्याकडे येऊ. ब्रोली ज्या कड्या घालत होते त्याची सुरुवात 1899 मध्ये डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने केली होती. (हो, पुन्हा शिक्षक. या गोष्टीत मास्तर फार आहेत.) ॲल्युमिनियमची हलकी कडी, त्यावर नंबर आणि पत्ता. पक्षी दुसरीकडे सापडला की सापडवणाऱ्याने त्या पत्त्यावर पत्र टाकायचं. झालं ट्रॅकिंग.

भारतात हे काम 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालं, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे आपल्या बीएनएचएसने. पैशाचं पाठबळ दिलं धारच्या महाराजांनी. धार म्हणजे पवारांचं मराठी संस्थान, आजच्या मध्य प्रदेशात. तिथल्या तळ्यांवर हिवाळ्यात उतरणाऱ्या बदकांच्या पायात कड्या चढल्या, आणि त्यावर पत्ता मुंबईचा.

1930 च्या आसपास तरुण सालिम अली बर्लिनला शिकायला गेले होते. तिथून ते हेल्गोलँडला गेले, त्याच गेट्केच्या बेटावर. तिथे आता पक्षी पकडून कड्या घालण्याचं केंद्र झालं होतं. ते काम त्यांनी तिथे प्रत्यक्ष पाहिलं. भारतात मात्र मोठ्या प्रमाणावर कड्या घालायला 1960 च्या दशकाची वाट पाहावी लागली, आणि निमित्त ठरला एक आजार. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने आजारी पडू लागली. त्या विषाणूचं सायबेरियातल्या एका विषाणूशी साम्य दिसलं. मग शंका आली, स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून हा आला असेल का? जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले. पक्ष्यांमधून आजार आला असं काही सिद्ध झालं नाही. पण भरतपूरसारख्या ठिकाणी हजारो पक्ष्यांना कड्या घातल्या गेल्या, आणि आपल्याकडचे पक्षी कुठून येतात याचा नकाशा भरू लागला. इथेही तेच. प्रश्न एक होता, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं मिळालं.

दोयांगचं जाळं

आणि आता एक अगदी अलीकडची गोष्ट, जिच्यात नोंदीचा परिणाम दिसायला तीस वर्षं लागली नाहीत. एक वर्ष पुरलं.

अमूर ससाणा. कबुतराएवढा छोटा शिकारी पक्षी. सायबेरियाचा पूर्व भाग आणि उत्तर चीन या पट्ट्यात पिल्लं वाढवतो आणि हिवाळ्याला थेट आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातो. वाटेत ऑक्टोबरमध्ये नागालँडमध्ये उतरतो. वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवरच्या धरणाच्या जलाशयाजवळ, पांगती गावाच्या आसपास, लाखोंच्या संख्येने.

ऑक्टोबर 2012 मध्ये बानो हारालू, शशांक दळवी, रामकी श्रीनिवासन आणि रोकोहेबी कुओत्सू हे तिथे पोहोचले. रात्रीच्या मुक्कामाला उतरणाऱ्या ससाण्यांच्या वाटेत मासेमारीची जाळी उभी टांगलेली होती. टीमने हळहळ व्यक्त करून परत फिरायचं टाळलं. त्यांनी मोजलं. जाळी किती, एका जाळ्यात रोज साधारण किती, किती दिवस चालतं. त्यांचा अंदाज आला: दिवसाला 12,000 ते 14,000 पक्षी. सीझनला 1,20,000 ते 1,40,000. सोबत फोटो आणि व्हिडिओ. रिचर्ड पॉवने 1932 मध्ये केलं तेच, ऐंशी वर्षांनी.

अहवाल प्रसिद्ध झाला आणि जगभर बोंब झाली. पण खरं काम पुढचं होतं, आणि ते गावाने केलं. पांगतीच्या लोकांसाठी ही हौस नव्हती. त्या काही आठवड्यांत घरात पैसे यायचे. ग्रामसभा, चर्च, वनखातं, कार्यकर्ते यांच्या बैठकांवर बैठका झाल्या. गावाने ठराव केला. 2013 च्या सीझनमध्ये जाळी लागली नाहीत. एखाद्या गावाने आपलं हंगामी उत्पन्न सोडणं ही छोटी गोष्ट नाही. टाळ्या वाजवताना आपण हे विसरतो.

त्याच नोव्हेंबरमध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर सौरऊर्जेवर चालणारे छोटे ट्रान्समीटर बसवले. नावं ठेवली नागा, पांगती आणि वोखा. मग जगाने नकाशावर पाहिलं: हे पक्षी भारतीय द्वीपकल्प ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेकडे गेले. महाराष्ट्रही या वाटेवर आहे. नोव्हेंबरच्या सुमारास लोणावळ्याच्या आसपासच्या माळांवर अमूर ससाणे बघायला पक्षीमित्र जातात ते याच प्रवाशांना.

तुमच्या खिशातली वही

आता मूळ प्रश्नाकडे. तुमचा "आज पहिला धोबी" हा मेसेज.

भारतात 2007 मध्ये मायग्रंटवॉच नावाचा उपक्रम सुरू झाला. कुकच्या कार्डांसारखाच, फक्त इंटरनेटवर. हिवाळी पाहुणे तुमच्याकडे पहिल्यांदा कधी दिसले ते कळवा. पुढे ही माहिती ईबर्डमध्ये गेली. ईबर्ड अमेरिकेत 2002 मध्ये सुरू झालेलं, आता त्याचं मोफत ॲप आहे. 2023 च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात भारतातल्या 942 जातींचा आढावा आहे. तो सुमारे 30,000 पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटींवर नोंदींवर उभा आहे. यातले बहुतेक लोक तुमच्या-माझ्यासारखे हौशी.

पण नोंद कशी केली यावर तिची किंमत ठरते. ब्राऊनच्या वहीकडे बघून चार गोष्टी सांगतो.

एक, तारीख, जागा आणि किती वेळ बघितलं हे लिहा. "सकाळी दिसला" याचा पुढे काही उपयोग नाही. "15 मिनिटं, तळ्याच्या काठावर" याचा आहे.

दोन, आकडा टाका. "खूप होते" म्हणजे 20 की 2,000? अंदाजे लिहा, पण आकडा लिहा.

तीन, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहा. कावळा, कबूतर, साळुंकी, सगळे. ईबर्ड शेवटी विचारतं की ही यादी पूर्ण आहे का. हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तिथे शून्य आणि रिकामा रकाना यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. सर्व्हरकडून एररचा मेसेज आला नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, की सर्व्हरच बंद पडलाय? म्हणून तो दर थोड्या वेळाने "मी जिवंत आहे" असं सांगत राहतो. पूर्ण यादी म्हणजे तसंच. तुम्ही फक्त दुर्मीळ पक्षी दिसल्यावरच नोंद केली, तर बाकीच्या दिवशी पक्षी नव्हते की तुम्ही नव्हता, हे कुणालाच कळणार नाही. "अर्धा तास बघितलं, धोबी दिसला नाही" हीसुद्धा माहिती आहे.

चार, एकच जागा धरा. लांब ट्रिप करा, मजा करा. पण घराजवळची एक गच्ची, एक तळं, एक माळ निवडा आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं तिथे बघा. पुढच्या वर्षी पुन्हा.

आणि एक सावधगिरी. घरट्याची किंवा संकटात असलेल्या पक्ष्याची नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका. त्या डोंगरावर बंदूकवालेही पक्षी कुठून जातात हे माहीत असल्यामुळेच जमायचे. ईबर्डसुद्धा काही संवेदनशील जातींचं लोकेशन सगळ्यांना दाखवत नाही. फोटोसाठी गर्दी झाली तर पक्षी घरटं सोडून जातो. नोंद करायची, पत्ता वाटायचा नाही.

तुमच्या पंधरा मिनिटांच्या यादीतून काय निष्पन्न होईल? खरं उत्तर: बहुधा यंदा काहीच नाही. पुढच्या वर्षीही नाही. तुमच्या माळावर सोलर पार्क येईल, तळ्यात गाळ भरेल किंवा पाऊस महिनाभर लांबेल, तेव्हा कुणीतरी विचारेल, "आधी इथे काय होतं?" तेव्हा उत्तर देणारा एकच कागद असेल, तर तो तुमचा असेल. ब्राऊन कड्यावर बसला तेव्हा त्यालाही पुढचा प्रश्न माहीत नव्हता. तरी त्याने पिल्लू की प्रौढ हा रकाना दरवर्षी भरला.

तर या आठवड्याचं होमवर्क: एक जागा, पंधरा मिनिटं, पूर्ण यादी. आणि ग्रुपवर मेसेज टाकायच्या आधी ॲपमध्ये टाका. मेसेज वर सरकून जातो.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, आणि हो, जरा वर बघत राहा.